आमच्या मशीनचं सील

आमचं वॉशिंग मशीन म्हातारं झालंय हे मी कधीच नाकारलं नाही. पण "हे आता मोडीत काढा," असं एका परक्या माणसाने आमच्याच न्हाणीघरात उभं राहून, आमचाच चहा पीत सांगावं, हे मला लागलं. परका माणूस म्हणजे मेकॅनिक. त्याने मशीनचं गोल दार उघडलं, आत हात घातला, ड्रम दोन बोटांनी उचलला आणि सोडला. ड्रम खडखडला. नाडी बघून झाल्यावर डॉक्टर नातेवाइकांकडे वळतो तसा तो माझ्याकडे वळला. आधी सील झिजलं, मग तिथून पाणी बेअरिंगपर्यंत पोचलं, बेअरिंग गंजलं आणि आता ड्रम नुसता दांड्याच्या भरवशावर लटकतोय, असा एकंदर इतिहास त्याने सांगितला. बदलता येईल का, असं मी विचारलं. येईल, पण एवढ्या जुन्या मशीनसाठी इतकी मेहनत कोणी घेणार नाही, असं तो म्हणाला. "कोणी" या शब्दावर त्याने जरा जोर दिला, निदान मला तसं वाटलं.

मी म्हणालो, "मी घेईन."

इतक्या चटकन होकार मी लग्नालासुद्धा दिला नव्हता. बायको दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं, मेकॅनिककडे बघितलं आणि त्याच्या हातातला रिकामा कप घेऊन आत गेली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

हे मशीन बाबांनी नोकरीत असताना घेतलेलं. बाबा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराच्या तराजूवर त्यांचा जेवढा विश्वास, तेवढाच कंपनीच्या पाटीवर. त्यामुळे मशीन घरी आलं त्याच दिवशी त्यांनी कोरडे कपडे ताणकाट्याला लटकवून मोजले आणि पाटीवर लिहिलंय तेवढे आत मावतात का ते पाहिलं. मावले. तेव्हापासून आमच्या घरात त्या मशीनला सचोटीच्या माणसाचा मान होता. पुढे आई गेली, फर्निचर बदललं, मी टक्कल पडून साहेबासारखा दिसायला लागलो (साहेब झालो नाही, तो भाग वेगळा), पण मशीन होतं तिथेच होतं.

अलीकडे मात्र पिळायची वेळ आली की गच्चीवर विमान उतरतंय असा आवाज व्हायचा. आमच्या खाली कॅप्टन राहतात. हे गृहस्थ सैन्यात कधी नव्हते. टाइपरायटर विकणाऱ्या कंपनीत होते, आणि कंपनीच्या कॅरम संघाचे एकदा कप्तान झाले होते, तेवढ्यावर नाव चिकटलं ते चिकटलं. आवाज मात्र त्यांनी नावाला शोभेल असा कमावला आहे. एकदा जिन्यात गाठून त्यांनी सांगितलं की सकाळी सकाळी त्यांचा कवळीचा पेला टेबलावर आपोआप चालायला लागतो. त्याबद्दल मी दिलगिरी व्यक्त केली. पुढे त्यांनी विचारलं, "घरात माणसं तीन. रोज उठून एवढं धुता तरी काय?"

बाबा माझ्या मागेच उभे होते. ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागले.

रोज काय धुतो, ते आमच्या घरात तिघांनाही माहीत होतं आणि तिघांपैकी कोणीच कधी बोललं नव्हतं. बाबांना झोपेत कळेनासं झालं होतं. आम्ही उठायच्या आत ते आपली चादर काढायचे, न्हाणीघरात न्यायचे, मशीनमध्ये घालायचे आणि खटका फिरवायचे. आम्ही बाहेर येईपर्यंत मशीन घुमत असायचं आणि बाबा इस्त्रीचा शर्ट घालून वर्तमानपत्र वाचत बसलेले असायचे. मी आणि बायको पलंगावर पडल्यापडल्या मशीन सुरू झाल्याचं ऐकायचो आणि गप्प राहायचो. त्या गप्प राहण्याचा मला मनातून फार अभिमान होता. सगळ्याच मुलांना एवढं कळत नाही, असं मला वाटायचं.

बायकोचं म्हणणं साधं होतं, नवं आणू. म्हणून आम्ही दुकानात जाऊन आलो. नव्या मशीनना खटकाच नसतो. काचेवर बोट टेकवायचं, मग ती काच आपल्याला प्रश्न विचारते आणि काम संपलं की चक्क गाणं वाजवते. बाबांनी त्या काचेवर बोट टेकवलं, काही झालं नाही, पुन्हा टेकवलं, तर विक्रेत्याने त्यांचं बोट धरून योग्य जागी ठेवलं. घरी येताना ते एवढंच म्हणाले की जुनं चालू राहिलं असतं तर बरं होतं, त्याचा खटका हाताला माहीत आहे.

तेव्हा खरं कारण हे होतं. पण खरं कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दुसरं तयार केलं. जुन्या वस्तूंची कदर, हल्लीच्या मालाचा दर्जा, हाताने काम करण्यातला आनंद वगैरे. ते मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलं की शेवटी मलाच पटलं. इथूनच सगळं बिघडलं.

जुनी मशीन दुरुस्त करणाऱ्या हौशी लोकांचे व्हिडिओ असतात. त्यातला माझा आवडता माणूस पांढराशुभ्र शर्ट घालून, शीळ घालत, चहा गार व्हायच्या आत बेअरिंग आणि सील बदलतो. मीही पांढरा शर्ट घातला. शनिवारी सकाळी मशीनची पाठ उघडली, पट्टा काढला, आणि इथवर मला शीळसुद्धा घालता आली. मग वरचा सिमेंटचा ठोकळा आला. पिळताना मशीनने नाचू नये म्हणून आत सिमेंटचं वजन बसवलेलं असतं. व्हिडिओतला माणूस ते उचलून बाजूला ठेवतो. मीही उचललं आणि बाजूला ठेवलं. बाजूला बेसिन होतं. आता ती दोन बेसिनं आहेत.

आवाज ऐकून कॅप्टन वर आले. दारातून आत, आतून न्हाणीघरात, आणि तिथून थेट नेतृत्वपदी. पाठीमागच्या मोठ्या चाकाचा बोल्ट निघत नव्हता. कॅप्टन म्हणाले डावीकडे फिरवा. समोरच्या मावशी, म्हणजे शिवणाचे वर्ग चालवणाऱ्या बाई, टेप गळ्यात तशीच ठेवून आल्या आणि म्हणाल्या की शिवणयंत्रात काही स्क्रू उलटे असतात, उजवीकडे फिरवून बघा. मी दोघांचा मान राखत एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं करत राहिलो. इमारतीचे सेक्रेटरी नुसतेच आले. ते कुठेही नुसतेच येतात. त्यांनी विचारलं की ठोकाठोकीची परवानगी घेतली आहे का. मी म्हणालो, मी अजून ठोकलेलं नाही, फिरवतोय. ते म्हणाले, फिरवल्यानंतर ठोकणार, तेव्हा अर्ज आधी द्या. अर्ज लिहायला मी बाहेरच्या खोलीत गेलो, तेवढ्यात कॅप्टननी पान्यावर पाय ठेवून आपलं वजन टाकलं आणि बोल्टचं डोकं तुटलं. चाक सुटलं, पण बोल्टचं धड दांड्यातच राहिलं. कॅप्टन म्हणाले, निम्मं काम झालं.

उरलेलं निम्मं लेथवाल्याकडे होतं. दांडा ड्रमपासून सुटत नाही, त्यामुळे मी अख्खा ड्रम छातीशी धरून रस्त्याने निघालो. ड्रम तसा हलका, पण त्याच्यावरून पलीकडचं दिसत नाही. चौकात मी कोणाला तरी धडकलो, आणि ते आमचे साहेब होते. मी विमा कंपनीत दाव्यांच्या चौकशी विभागात आहे. दावा खरा की खोटा हे शोधून काढणं माझं काम, त्यामुळे गडबडल्यासारखं दिसणं मला परवडत नाही. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हणालो, ड्रम. साहेबांना फार आनंद झाला. सोमवारी ऑफिसात माझ्या टेबलाभोवती गर्दी होती. कॅशियरबाईंच्या निरोपसमारंभात मी ड्रम वाजवणार असल्याचं साहेबांनी परस्पर जाहीर केलं होतं. आपण वॉशिंग मशीनमधला ड्रम म्हणत होतो, हे चार लोकांत सांगायची माझी हिंमत झाली नाही. सराव सुटलाय, एवढंच म्हणालो.

बेअरिंग मिळाली. आतलं मोठं, बाहेरचं लहान, अशी जोडी दुकानदाराने जुनी बघून लगेच काढून दिली. बसवण्याआधी ती फ्रीजरमध्ये ठेवतात, म्हणजे गारठून किंचित आकसतात आणि जागेवर सरकतात. किती वेळ ठेवावीत यावर इमारतीत मतभेद होते. कॅप्टनचा आग्रह जास्तीचा होता. शेवटी ती बर्फात रुतली. फ्रीज बंद करून सगळा बर्फ वितळवावा लागला आणि बेअरिंग बाहेर आली तेव्हा ती माझ्यापेक्षाही गरम होती.

पण सील मिळेना. सील म्हणजे रबराची एक कडी. ड्रममधलं पाणी बेअरिंगकडे जाऊ नये म्हणून दांड्याभोवती बसते. दिसायला बांगडीएवढी, पण ती नसेल तर पुढचं सगळं व्यर्थ. आमच्या मशीनच्या मापाची गावात कुठेच नव्हती. जुन्या मशीनचे सुटे भाग जमवणारा एक माणूस दूरच्या शहरात सापडला, त्याने पार्सल केलं, आणि ते इथल्या पार्सल ऑफिसात अडकलं. तिथल्या कारकुनाने मला शांतपणे समजावून सांगितलं की पार्सलचं सील तुटलेलं आहे. मी म्हणालो, आत सीलच आहे. ते म्हणाले, आतलं सील आत असू दे, बाहेरचं तुटलंय, आणि सील तुटलेल्या पार्सलमधलं सील पंचांसमोर मोजल्याशिवाय देता येत नाही. पंच कधी येतील, असं मी विचारलं. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. तारखेकडे नव्हे, वरच्या चित्राकडे.

आता घराची स्थिती सांगतो. आमचं न्हाणीघर एकच. त्यात मशीनची पेटी, ड्रम ज्यात फिरतो त्या टबाचे दोन अर्धे भाग, सिमेंटचा ठोकळा, फुटकं बेसिन आणि मी मोठ्या विश्वासाने उघडलेले पण आता कुठले ते न आठवणारे स्क्रू. आंघोळीला जागाच नव्हती. मी कॅप्टनकडे जायला लागलो, बायको समोरच्या मावशींकडे. खांद्यावर टॉवेल टाकून जिना उतरणाऱ्या माणसाला लोक वाटेल ते विचारतात. कॅप्टन तर न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहून सल्ले द्यायचे आणि मी आत साबण लावलेला असल्यामुळे मला ते पूर्ण ऐकून घ्यावे लागायचे. कपडे मावशींच्या मशीनमध्ये जायचे. माझे बनियन किती विरलेत, ते समोरच्या बाल्कनीतल्या दोरीवरून सगळ्या इमारतीला कळलं. मला वाटलं, यापुढे माझ्या अब्रूचं काही वाईट व्हायचं शिल्लक नाही.

बाबा मात्र कोणाकडेच गेले नाहीत. त्यांनी आपल्या खोलीत एक बादली मागितली. त्यांच्या चादरीचं काय, असं बायकोने मला एकदा हळूच विचारलं. मी म्हणालो, काही विचारू नकोस, त्यांना अवघडल्यासारखं होईल. ती म्हणाली, "अहो, पण ते करतात तरी काय त्याचं?" मी म्हणालो, बघतो. आणि खरं सांगायचं तर त्या वेळी माझ्या डोक्यात सीलशिवाय काही नव्हतं. बाबांच्या पलंगावर रोज सकाळी ताजी, इस्त्रीची चादर दिसत होती. दुसऱ्याच्या दाव्यात एवढी गोष्ट मी तेव्हाच पकडली असती.

आठवडा उलटला आणि जिन्यात वास यायला लागला. आधी मला कळलाच नाही, कारण मी त्यातच राहत होतो. मग रविवारी सकाळी सेक्रेटरी आले, त्यांच्यामागे कॅप्टन, त्यांच्यामागे मावशी. सेक्रेटरींनी रूमाल नाकाला लावूनच बोलायला सुरुवात केली. तुमच्या त्या उघड्या टबात पाणी कुजलंय, तक्रार आली आहे, भंगारवाल्याला मी निरोप दिला आहे, आज ते सगळं उचलायचं.

मी किती दिवस ऐकून घेतलं होतं. बेसिन, बोल्ट, फ्रीज, बनियन, निरोपसमारंभातला ड्रम. त्यात आता मी स्वतःच्या हाताने घासून, पुसून, वाळवून ठेवलेल्या टबाला कुजका म्हणणं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, हा टब आहे, हुंगून बघा. सेक्रेटरी मागे सरकले. मी टबाचा अर्धा भाग उचलून त्यांच्या तोंडापाशी नेला आणि त्यांना हुंगायला लावलं. मग कॅप्टनना. मावशींनी आपण होऊन नाक पुढे केलं. साबण आणि ग्रीस, याखेरीज कसलाच वास नव्हता. सगळ्यांना मान्य करावं लागलं.

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी जिंकत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच जिंकत होतो. मग वास येतो कुठून, असं कॅप्टन म्हणाले, आणि माझ्यातला चौकशी अधिकारी जागा झाला. मी म्हणालो, चला, शोधू. सगळ्यांना मागे घेऊन मी निघालो. स्वयंपाकघर, तिथे नाही. बाहेरची खोली, तिथे जरासा. पॅसेजमध्ये वाढला. मी प्रत्येक ठिकाणी थांबून मोठ्याने निष्कर्ष सांगत होतो. बायको मागून माझा शर्ट ओढत होती. मला वाटलं तिला पुढे यायचंय.

बाबांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी उघडलं. बाबा कपाटाला पाठ लावून खुर्चीत बसले होते. मी नाक वर करून म्हणालो, इथे आहे. बाबा म्हणाले, "इथे काही नाही."

"बाबा, जरा सरका," मी म्हणालो.

ते सरकले नाहीत. मी खुर्चीसकट त्यांना थोडं बाजूला केलं आणि कपाट उघडलं.

खालच्या कप्प्यात चादरी होत्या. प्रत्येक चादर नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली, पिशवीचं तोंड सुतळीने बांधलेलं, गाठी सगळ्या एकसारख्या. जप्त केलेली खोटी वजनं बाबा अशीच बांधून ठेवत. दोन पिशव्या खाली सुटल्या होत्या. दार उघडताच वास बाहेर आला आणि कोणाला काही विचारायची गरज उरली नाही.

मी कपाटाची मूठ धरून उभा होतो. "सापडलं," हा शब्द माझ्या तोंडात तयार होता आणि तो मी बोललो नाही, एवढंच मला माझ्याबद्दल चांगलं सांगता येईल. मला माहीत होतं. वर्षभर मला माहीत होतं. आणि तरी त्या दारापर्यंत येताना माझ्या मनात फक्त टब होता.

सेक्रेटरींनी रूमाल नाकावरून काढून खिशात ठेवला. कॅप्टन खिडकीतून बाहेर बघायला लागले, जिथे भिंतीशिवाय काही दिसत नाही. मावशी पुढे झाल्या आणि म्हणाल्या, माझं मशीन रिकामंच आहे, मी घेऊन जाते.

बाबा उठले. उठताना त्यांनी माझा हात धरला नाही, खुर्चीचा धरला. ते मावशींना म्हणाले, "नको, तुम्ही कशाला. त्या चादरी माझ्या आहेत. मुलगा धुईल."

मग ते सेक्रेटरींकडे वळले आणि म्हणाले की झाल्या त्रासाबद्दल ते दिलगीर आहेत, दुपारपर्यंत वास राहणार नाही. सेक्रेटरी नाही नाही, तसं काही नाही, असं पुटपुटत बाहेर गेले. भंगारवाल्याचा विषय पुन्हा कधी निघाला नाही.

मी चादरी धुतल्या. न्हाणीघरात सिमेंटच्या ठोकळ्यावर बसून, टबाच्या अर्ध्या भागात पाणी घेऊन, हाताने. बायको मदतीला आली तर मी नको म्हणालो, आणि तिने आग्रह केला नाही. मग त्या सगळ्या गच्चीवर नेऊन वाळत घातल्या. तेव्हा इमारतीतले दोघेतिघे वर होते. कोणीतरी नुसतंच आपल्या दोरीवरचे कपडे सरकवून जागा करून दिली. एखादा टोमणा मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या दिवशी बाबा माझ्याशी बोलले नाहीत. रागावून नव्हे. जेवताना मीठ मागितलं तर दिलं, बातम्या लागल्या तर आवाज मोठा केला. पण त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला नव्हता. मी त्यांना घरात बिनइस्त्रीच्या शर्टात फारसं पाहिलेलं नाही. मला माफी मागायची होती आणि सुरुवात कुठून करावी ते समजत नव्हतं. दाव्यांच्या कागदांत मी लोकांची इतकी माफीपत्रं वाचली आहेत, पण त्यातलं एकही वाक्य इथे चालण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून पार्सल ऑफिसात गेलो आणि कारकुनासमोर बसलो. ते म्हणाले, पंच नाहीत. मी म्हणालो, मी बसतो. वाद घालायची ताकद माझ्यात नव्हती, आणि बहुधा तेच त्यांना दिसलं. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं, हे सील एवढं कशासाठी हवंय? आदल्या आठवड्यात मी त्यांना जुन्या वस्तूंची कदर ऐकवली असती. आता मी म्हणालो, "वडिलांच्या चादरी रोज धुवायला लागतात." त्यांनी रांगेतल्या दोघांना बोलावून पंच केलं, पार्सल उघडलं, एक नग सील असं मोजलं आणि माझ्या हातात दिलं.

बसवायला मी एकटाच बसलो. कॅप्टन दारापर्यंत आले होते, पण काही न बोलता परत गेले. त्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडत होतं. बेअरिंग ठोकून जागेवर गेली. लाकडाचा तुकडा मध्ये धरला होता, तरी एक अंगठा गेलाच. सील बसवायची वेळ आली तेव्हा आत अंधार होता आणि टॉर्च तोंडात धरूनही मला दिसेना. कोणीतरी माझ्या तोंडातून टॉर्च काढून घेतला. बाबा होते. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले आणि उजेड बरोबर दांड्यावर धरला.

मी खाली मान घालूनच म्हणालो, "बाबा, परवा मी जे केलं—"

"तिरकं जातंय," बाबा म्हणाले. "सगळीकडून सारखं दाब."

मी दाबलं. ते आत गेलं. आम्ही दोघंही थोडा वेळ त्याच्याकडे बघत राहिलो, जसं काही त्यावर पुढचं लिहिलेलं होतं.

मग बाबा म्हणाले, "उद्यापासून चादर मी दाराबाहेर ठेवीन. मशीन तू लाव."

"तुम्हाला खटका येतो ना हाताला. म्हणून तर हे सगळं—"

"खटका येतो. वाकता येत नाही." त्यांनी टॉर्चने मशीनचं दार दाखवलं. "दार खाली आहे. एका हाताने नळ धरायचा, एका हाताने चादर आत ढकलायची. दोनदा पडलो इथे. तुम्ही झोपला होतात."

आम्ही झोपलो नव्हतो. आम्ही पलंगावर पडून मशीन सुरू होण्याची वाट बघत होतो, आणि ते सुरू झालं की एकमेकांकडे समजूतदारपणे बघून कूस बदलत होतो. हे मी बाबांना सांगितलं. सांगताना माझी नजर स्क्रूंवर होती. त्यांनी टॉर्च तसाच धरून ठेवला, मी शेवटचा स्क्रू लावेपर्यंत. एक स्क्रू उरला, तो मी खिशात टाकला.

सकाळी मी त्यांच्या खोलीच्या दारापाशी गेलो तेव्हा चादर बाहेर ठेवलेली होती, घडी घालून. बाबाही बाहेर आले. मी गुडघ्यावर बसून ती आत घातली, त्यांनी उभ्या उभ्या खटका फिरवला. बायको पॅसेजमध्ये येऊन थांबली. पाणी भरलं, ड्रम फिरायला लागला. आवाज अजिबात नव्हता. मी जन्मात काही दुरुस्त केलं नव्हतं आणि हे फिरत होतं. एरवी मी कॅप्टनना वर बोलावलं असतं, मावशींना बोलावलं असतं. आता कोणी बघायला नाही याचंच बरं वाटत होतं. माझी मान वर होईना, म्हणून मी जमिनीकडे बघत होतो, आणि त्यामुळेच ते मला आधी दिसलं.

मशीनच्या मागून पाण्याचा एक बारीक ओघळ निघाला होता. सील उलटं बसलं होतं. ओघळ फरशीच्या सांध्यातून वळत वळत आला, माझ्या गुडघ्याला वळसा घालून पुढे गेला आणि बाबांच्या सपातांपाशी थांबून तिथे त्याचं लहानसं थारोळं झालं. मी तसाच गुडघ्यांवर बसून राहिलो. बायको फडकं आणायला वळली आणि मध्येच थांबली.

बाबांनी खाली बघितलं. मग निरीक्षकाच्या आवाजात, अगदी गंभीरपणे, ते म्हणाले, "हे माझं नाही. नोंद करून ठेव."